संत्र्याच्या गावाला, वनशास्त्र शिकलेल्या लेकीचं अनावृत पत्र

वरूड तालुक्यातल्या संत्रा बागायतदार काका-मामांनो, भावांनो, मावश्यांनो,



तक्रार सरकारकडे करायची असते हे मला कळतं. सरकारविषयीचं गाऱ्हाणंही या पत्रात येईल. तरी पत्राच्या माथ्यावर नाव तुमचं घातलं आहे, कारण सरकारच्या नियमांनी डावललं तेव्हा मला राग आला होता. तुम्ही डावललंत तेव्हा जीव दुखला.

मी वरूडचीच, बागायतदाराची पोरगी. बारावीनंतर सीईटी दिली आणि प्रवेशाच्या फॉर्मात कृषीच्या आधी वनशास्त्र लिहिलं. चार वर्षं अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, वनशास्त्राची पदवी केली. राज्याच्या कृषी विद्यापीठांत हे शिक्षण मिळतं ते मुख्यतः दोन ठिकाणी, कोकणात दापोलीला आणि विदर्भात अकोल्याला. राज्यातलं बहुतेक दाट जंगल आपल्या विदर्भात आणि त्याचं शिक्षण आपल्या दाराशी, तरी आपल्या तालुक्यातून तिथं जाणारं पोर विरळाच.

प्रवेश घेतला त्या उन्हाळ्यात घरी येणारा जो तो एकच विचारायचा. ‘झाडं लावाले कालेजात कायले जा लागते व पोरी? आमच्या बुढ्यानं तं बिनकालेजाचीच बाग लावली!’ सगळे हसायचे. पदवी घेऊन परत आले तेव्हाही तोच प्रश्न होता आणि तेच हसणं. आता त्याला एक शेपूट जोडलेलं होतं, ‘मंग आता गार्ड होशीन का?’ मुलगी पाहायला आलेल्या एका घरानं माझ्यासमोर माझ्या वडिलांना सांगितलं की शिक्षण चांगलं आहे, पण जरा कामाचं शिकवलं असतं तर बरं झालं असतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मी अजून विसरले नाही.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. ज्यानं आयुष्यात झाड वाढवलं नाही त्याला काय सांगायचं? पण तुम्ही झाडावर जगणारी माणसं आहात. शेंदूरजनाघाटच्या कलमा लांबलांबच्या मुलखात जातात. जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा भरायचा हे तिथली बारकी पोरंही हातानं करून दाखवतात. आंबिया बहारासाठी बागेला ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, डिंक्या दिसला की साल कुठवर खरवडायची आणि बोर्डोपेस्ट कशी लावायची, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. झाडाचं शास्त्र असतं हे ज्यांना सगळ्यात आधी पटायला हवं, त्यांनीच म्हणावं की जंगलाचं कसलं आलंय शास्त्र?

मी काय शिकले ते तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून इथं सांगते. जंगलातलं झाड मोजायला शिकले. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घ्यायचा, उंची काढायची, त्यावरून उभ्या झाडातलं लाकूड किती हे सांगायचं. मग एका झाडावरून एका कूपाचा, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्याचा, आणि कूपांवरून पुढच्या १० वर्षांचा हिशेब मांडायचा. त्याला कार्य आयोजना म्हणतात. कुठून किती काढायचं, कुठं हात लावायचा नाही, कुठं जंगल आपोआप परत येईल आणि कुठं मदत करावी लागेल, हे सगळं त्यात येतं. सागाचं बी नुसतं पेरलं तर रुसून बसतं. त्याला आलटून पालटून भिजवावं आणि वाळवावं लागतं, म्हणून वाफ्यातल्या रोपाची जडी, म्हणजे मुळासह छाटलेला खुंट, करून लावतात. पावसाळ्यात सागाच्या पानांची जाळी होते ती कुठल्या अळीनं, हे शिकले. फाल्गुनाच्या तोंडाशी जाळरेषा का काढतात, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम का धरतात, हे मेळघाटात उभं राहून शिकले. तेंदू, मोह, चारोळी, हिरडा, बेहडा यांवर कुणाची घरं चालतात आणि मधल्यामध्ये कुणाची भरतात, हेही शिकले. १९२७ चा वन कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा शेजारी ठेवून वाचले. परतवाड्याच्या डेपोत सागाचे लठ्ठे रचलेले पाहून पुष्कळांना पैसा दिसतो. मला त्या कापावरच्या वर्तुळांत कोणत्या साली पाऊस दगा देऊन गेला ते दिसतं.

एवढं शिकून आल्यावर मला गावानं पहिल्यांदा बोलावलं ते वृक्षलागवडीच्या कार्यक्रमाला. मी आनंदानं गेले. कोणती जागा, कोणती झाडं, याची टिपणं काढून नेली होती. तिथं गेल्यावर कळलं की मला सूत्रसंचालनासाठी बोलावलं आहे. खड्डे आधीच झाले होते, उघड्या मुरमावर आणि विजेच्या तारांखाली. रोपं गुलमोहराची आणि काशिदाची होती. मी तिथल्या जबाबदार माणसाला बाजूला घेऊन म्हटलं की हे मार्चपर्यंत जगायचं नाही. ‘ताई, पाहुणे येऊन राहिले, माइक घ्या,’ एवढंच उत्तर मिळालं. मी माइक घेतला, पाहुण्यांची नावं वाचली, टाळ्या झाल्या. त्या रांगेतलं एकही रोप पुढच्या उन्हाळ्यात उभं नव्हतं. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी समोर बसले होते.

राज्यभर असंच चाललेलं आपण पाहिलं. २०१६ च्या १ जुलैला २ कोटी झाडं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांचा मिळून ५० कोटींचा संकल्प. पुढं त्यातली किती जगली याच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. झाड लावण्याची तारीख पाळली गेली. जगण्याची जबाबदारी कुणावर, हे आम्हाला पहिल्याच वर्षी वनसंवर्धनाच्या तासाला विचारलं गेलं होतं.

आता सरकारचं गाऱ्हाणं सांगते. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर व्हायचं तर पशुवैद्यकाचीच पदवी लागते. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, असायलाही नको. जंगलाचा अधिकारी व्हायचं तर मात्र वनशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र यांतला एखादा विषय घेऊन पदवी मिळवलेला चालतो, कृषीचा चालतो, पशुवैद्यकाचा चालतो, अभियंता चालतो. वनशास्त्राचा पदवीधर त्या रांगेत बाकीच्यांसारखाच एक. वर नियम असा की वैकल्पिक विषयांत कृषी आणि वनशास्त्र ही जोडी घेता येत नाही. राज्यात सहायक वनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी या पदांचंही दार असंच इतर शाखांना खुलं आहे. निवड झालेल्या अभियंत्याला मग दीड-दोन वर्षं सरकारी खर्चानं जंगल शिकवतात. तेच जंगल सरकारी विद्यापीठात चार वर्षं शिकून बाहेर पडलेली मुलं पुण्याच्या खोल्यांमध्ये बसून चालू घडामोडी पाठ करत असतात.

इंजिनिअर झालेल्या भावाबहिणींशी माझं वैर नाही. त्यांच्यातले कित्येक उत्तम वनाधिकारी झाले आहेत. पण शेजारच्या कर्नाटकात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या थेट भरतीतला मोठा हिस्सा वनशास्त्र पदवीधरांसाठी राखला गेला, आणि तो कमी केला तेव्हा शिरसी आणि पोन्नमपेटच्या वनशास्त्र महाविद्यालयांतली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर बसली. अकोला-दापोलीच्या मुलांनीही आपलं म्हणणं वेळोवेळी मांडलं आहे. त्यांच्यामागं उभं राहायला गाव नव्हतं, एवढाच फरक. आमच्या बरोबरीचे कित्येक शेवटी वनरक्षकाच्या भरतीला उभे राहतात. त्या पदाला बारावी पुरते. त्या नोकरीत कमीपणा मुळीच नाही. बीटवर पायी फिरणाऱ्या वनरक्षकाइतकं जंगल कुणालाच कळत नाही. पण ज्या राज्यानं एक विद्या उभी केली, त्यानंच तिला जागा ठेवू नये, याला काय म्हणायचं?

ही विद्या हौसेनं उभी राहिलेली नाही. इंग्रजांनी १८६४ मध्ये ब्रँडिस या जर्मन माणसाला वनखात्याचा पहिला प्रमुख केलं आणि १८७८ मध्ये देहरादूनला वनविद्यालय काढलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रेल्वेचे स्लीपर होते. स्वातंत्र्यानंतर १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं सांगितलं की वनशिक्षण खात्याच्या चार भिंतींत कोंडून ठेवू नका, विद्यापीठांत आणा. गावाजवळचं जंगल, शेताच्या धुऱ्यावरचं झाड, जळण, चारा यांचं बघणारी माणसं तयार व्हावीत, असं त्यामागं होतं. ऐंशीच्या दशकात कृषी विद्यापीठांत ही पदवी आली ती त्यानंतर. म्हणजे ही पदवी आधी तुमच्यासाठी होती, काका. साहेबाच्या खुर्चीसाठी नंतर.

त्याच्याही मागं जायचं तर जर्मनीतल्या सॅक्सनीत कार्लोविट्झ नावाचा माणूस होऊन गेला. तो चांदीच्या खाणींच्या कारभारातला अधिकारी. भट्ट्यांना आणि खाणींना लाकूड पुरेना, आसपासचे डोंगर उघडे पडले, तेव्हा १७१३ मध्ये त्यानं जंगल कसं राखावं, जेवढं वाढतं तेवढंच कसं काढावं, यावर ग्रंथ लिहिला. आमच्या शास्त्राची सुरुवात तिथून सांगतात. चांदी होती, खाणी होत्या, मजूर होते, आणि धंदा अडला तो जंगलापाशी.

आपला धंदा कुठं अडला आहे? २०१९ चा उन्हाळा आठवा. वरूड-मोर्शीच्या किती बागा उभ्या वाळल्या! जी झाडं तुमच्या वडिलांनी लावली होती, त्यांना कुऱ्हाड लावताना तुमच्यातली मोठी माणसं बांधावर बसून रडली. बोअर हजार फुटांकडे गेले. तालुका भूजलाच्या नकाशावर अतिशोषित म्हणून रंगला आणि ‘ड्राय झोन’ हा शब्द आपल्या लहान पोरांच्या तोंडी आला. त्यावर उपाय म्हणून आपण आणखी खोल गेलो, टँकरनं पाणी आणलं, धरणाकडे डोळे लावले. आपल्या उत्तरेला सातपुड्याचे उतार उभे आहेत, आपले नाले तिथून उतरतात, त्या उतारांचं काय झालं आहे, हे पाहायला कुणी वर चढलं नाही.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण भाषणांत याच्या उलट सांगतात. झाडं लावली की पाणी वाढतं, इतकं ते सोपं नाही. झाड स्वतः पाणी पितं. चुकीच्या जागी चुकीची झाडं दाटीनं लावली तर विहिरीचं पाणी खाली जाऊ शकतं. पावसाचं पाणी जिरतं ते मातीत. त्या मातीवर पालापाचोळा आणि गवत ओल्या गोणपाटासारखं अंथरलेलं असलं तर थेंबाचा मार माती खात नाही आणि पाणी थांबत थांबत आत जातं. उघड्या मुरमाड उतारावर आधी गवत राखायचं असतं. जमिनीखाली जिवंत मुळं असतील, खोडांना फुटवे येत असतील, तर नवीन खड्डे कशाला? कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी चार-पाच वर्षं नीट पाळली, वणवा येऊ दिला नाही, तर साग, धावडा, सालई आपल्या पायांनी परत येतात. कुठं चर खोदायचे आणि कुठं कुदळच लावायची नाही, नाल्याच्या काठी करंज-उंबर लावायचं की बांबू, हे जागा पाहून ठरतं. ते ठरवायला आम्हाला शिकवलं आहे. जी विद्या तुमच्या बागेच्या पाण्याशी इतकी थेट जोडलेली आहे, तिला तुम्ही बिनकामाची म्हणता याचा मला त्रास होतो.

तुमचंही गाऱ्हाणं आहे आणि ते खोटं नाही. जंगल म्हटलं की तुम्हाला रोही आठवतात, रानडुकरं आठवतात, रात्रीची जागल आठवते, पंचनाम्यासाठी मारलेल्या चकरा आठवतात. २०१८ च्या ऑक्टोबरात चंद्रपूरकडून निघालेला वाघ धामणगाव रेल्वे तालुक्यात दोन माणसांचा जीव घेऊन शेताशिवारांतून मध्य प्रदेशाकडे निघून गेला. ते दिवस आपण दारं लावून काढले. आपल्याकडचं महेंद्रीचं जंगल राखीव करायचं म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठ्या का पडतात, हे मला समजतं. धुऱ्यावर साग लावा म्हटलं तर तुम्ही विचारता की तोडायची परवानगी कोण देईल, वाहतुकीचा पास कुणाच्या पाया पडून आणायचा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यापासूनची ही भीती आहे. जिथं आपलंच झाड आपल्याला विकता येत नाही, तिथं माणूस झाड लावायला कचरतो. २०१४ मध्ये देशानं कृषिवनिकीचं धोरण केलं ते याच अडचणी सोडवण्यासाठी. ते आपल्या धुऱ्यापर्यंत आलं नाही, कारण ते समजावून सांगणारं माणूस तालुक्यात कुणी नेमलं नाही. तुमच्या बाजूनं उभं राहून, कायद्याचा आधार घेऊन, खात्याशी बोलू शकेल असं माणूस तुम्हाला हवं होतं ना? ते तुमच्याच घरात तयार झालं आणि तुम्ही त्याला माइक दिला.

आपल्याच जिल्ह्यातलं पायविहीर पाहून या. अचलपूर तालुक्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं, कोरकूंचं छोटं गाव. २०१२ मध्ये त्यांना वनहक्क कायद्यानं १९२ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा ती टेकडी बोडकी होती. त्यांनी चर खोदले, चराई थांबवली, झाडं लावली आणि जगवली, सीताफळं मुंबईपर्यंत नेऊन विकली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार त्यांना मिळाला. तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे कुठं पदवी होती? नव्हती. पण जंगलाशी त्यांचं नातं तुटलेलं नव्हतं, आणि बाहेरून मदतीला आलेल्या संस्थेचं त्यांनी ऐकून घेतलं. आपलं ते नातं दोन पिढ्यांपूर्वी तुटलं. आपल्या आजोबांच्या काळी बागेभोवती शेवरीची दाट रांग असायची, उन्हाळ्याची झळ ती अडवायची. किती बागांना आता ती आहे? हलक्या लाकडाच्या पेट्यांतून संत्रा बाहेर जायचा. त्या फळ्या कुठल्या उतारावरून यायच्या, हे आज सांगणारं कोण आहे? जे आजोबांकडून यायचं ते आता शिकूनच आणावं लागतं. मी ते शिकून आणलं आहे.

मुलींना आणखी एक ऐकावं लागतं, ते लिहिते आणि पुढं जाते. ‘पोरीचं जंगलात काय काम?’ मेळघाटात तेंदू तोडणाऱ्या, मोह वेचणाऱ्या, वणवा झोडपायला धावणाऱ्या बायाच असतात. आता वनरक्षकाच्या वर्दीत मुली बीट सांभाळतात. आपल्याकडे संत्र्याच्या तोडणीला आणि निवडीला बाई चालते, मग उतारावर गवत राखायचं कसं हे ती सांगू लागली की तिचं वय आणि लग्न का आठवतं?

माझ्यासोबत शिकलेली काही मुलं आता बँकेत आहेत, काही शाळेत, एक मोबाइलच्या दुकानात. त्यांना जंगल येतं. त्यांनाही कुणी विचारत नाही.

आता मागणं. लोकप्रतिनिधींकडे जाल तेव्हा संत्र्याच्या भावासोबत एक वाक्य आमच्यासाठी बोला. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या भरतीत वनशास्त्र पदवीधरांना ठरावीक वाटा द्या, आणि प्रत्येक तालुक्याला कृषिवनिकीसाठी एक शिकलेलं माणूस द्या. संत्र्यासाठी तुम्ही महामार्ग रोखू शकता, तर एवढं बोलणं जड नाही.

दुसरं मागणं त्याहून लहान आहे आणि त्यासाठी मंत्रालयाची गरज नाही. आपल्या प्रत्येक गावाकडे ई-क्लासची, म्हणजे गुरचराईची, थोडीफार जमीन अजून उरली आहे. अतिक्रमणातून वाचलेली, गुरांनी खरवडलेली, नाल्याच्या वरच्या अंगाला पडलेली. १ मेच्या ग्रामसभेत त्या जमिनीचा विषय घ्या. त्यातला एक तुकडा पाच वर्षांसाठी राखायचा ठराव करा, चराईबंदी मनापासून पाळायचं कबूल करा आणि तिथं काय करायचं ते मला विचारा. मानधन नको, सत्कार नको. दर उन्हाळ्यात मी तुमच्यासोबत जाऊन जगलेली झाडं मोजीन आणि खालच्या विहिरींची पातळी मोजीन, आणि आकडे चांगले असोत की वाईट, ग्रामसभेत उभी राहून वाचून दाखवीन. पाच वर्षांनी तुम्हाला वाटलं की हे शिक्षण खरंच बिनकामाचं होतं, तर तसं मला तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन. पण त्याआधी एकदा विचारा.

तुमचीच,
वरूडची एक वनशास्त्र पदवीधर